वेगाचा सारथी : जॅकी स्टुअर्ट

श्रोतेहो, मोटारींच्या शर्यतीचे चित्र पाहिले की सामान्य माणसाच्या मनात बहुधा एकच विचार येतो : हा चालक जिवावर उदार झालेला असला पाहिजे. ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटर वेगाने, उघड्या गाडीत बसून वळणे घेणारा मनुष्य भीती नावाची गोष्ट जाणतच नसणार, अशी आपली समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हे या क्षेत्रातील एका थोर चालकाच्या कारकिर्दीवरून आज पाहावयाचे आहे. स्कॉटलंडचा जॅकी स्टुअर्ट हा तो चालक. १९६९, १९७१ आणि १९७३ अशा तीन वर्षी तो जगज्जेता ठरला. तरीही त्याचे नाव आज जे आदराने घेतले जाते, ते केवळ त्या तीन विजेतेपदांमुळे नव्हे.

प्रथम या गाडीची ओळख करून घेऊ. या शर्यतींच्या सर्वांत वरच्या श्रेणीला ‘फॉर्म्युला वन’ म्हणतात. फॉर्म्युला म्हणजे नियमांची चौकट. इंजिन केवढे असावे, गाडीचे वजन किती असावे, हे सर्व त्यात ठरवून दिलेले असते. या श्रेणीतील जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा १९५० साली सुरू झाली. गाडीत बसण्याची जागा एकच. डोक्यावर छप्पर नाही. आणि चारही चाके गाडीच्या अंगाबाहेर, मडगार्डावाचून उघडी. गाडी हलकी व्हावी म्हणून अनावश्यक ते सारे काढून टाकलेले असते. परंतु उघड्या चाकांत एक मोठा धोका असतो. दोन गाड्यांची फिरती चाके एकमेकांस भिडली, तर मागची गाडी पुढच्या चाकावर चढून हवेत फेकली जाते. स्टुअर्टच्या काळात यात आणखी एका धोक्याची भर पडे. चालक जवळजवळ उताणा पहुडलेला असे आणि त्याच्या दोन्ही अंगांना पेट्रोलच्या टाक्या असत.

अशी गाडी चालविण्याचे कौशल्य नेमके कशात असते? टायरची रस्त्यावरील पकड ही महिन्याच्या बांधलेल्या पगारासारखी असते. ती सारी ब्रेक लावण्यात खर्च केली, तर वळण्यासाठी शिल्लक राहत नाही. वळण्यात खर्च केली, तर वेग घेण्यासाठी उरत नाही. निष्णात चालक हा जमाखर्च क्षणाक्षणाला जुळवीत असतो. ब्रेक एकदम सोडला किंवा स्टिअरिंगला हिसका दिला, की गाडीचा भार एका चाकावरून दुसऱ्या चाकावर आदळतो आणि पकड सुटते. स्टुअर्टचे चालविणे पाहणाऱ्यास संथ भासे. त्याचे हात फारसे हलत नसत. घड्याळ मात्र त्यालाच सर्वांत वेगवान ठरवी. शर्यतीपूर्वी मनातील सारी खळबळ हळूहळू निपटून काढावयाची आणि कोऱ्या, थंड चित्ताने गाडीत बसावयाचे, अशी शिस्त त्याने स्वतःला लावून घेतली होती.

स्टुअर्टचा जन्म ११ जून १९३९ रोजी स्कॉटलंडमधील डंबार्टनशायर परगण्यात झाला. वडिलांचे मोटारींचे गॅरेज होते. शाळेत त्याला वाचता येईना. शिक्षकांनी त्याला मंदबुद्धी ठरविले, आणि त्यानेही ते खरे मानले. अक्षरे ओळखण्यातील हा एक जन्मजात दोष आहे, बुद्धीशी त्याचा संबंध नाही, हे त्याला कळले ते चाळिशी उलटल्यावर, स्वतःच्या मुलाची तपासणी झाली तेव्हा! शाळा सोडून तो गॅरेजात कामाला लागला. गॅरेजाची फरशीसुद्धा आरशासारखी स्वच्छ ठेवावयाची, असा त्याचा बाणा होता. याच सुमारास त्याला मातीच्या उडत्या चकत्यांवर बंदुकीने नेम धरण्याचा नाद लागला आणि त्यात तो एवढा पारंगत झाला, की १९६० च्या ऑलिंपिकसाठी ब्रिटिश चमूतील त्याची जागा अगदी थोडक्यात हुकली. डोळा, हात आणि चित्ताची स्थिरता या तिन्हींची तालीम त्याला तेथे मिळाली.

थोरला भाऊ जिमी हा मोटारशर्यतीत भाग घेई. अपघातात त्याला दुखापत झाल्यामुळे आईने या खेळाचा धसका घेतला होता. म्हणून गॅरेजाच्या एका गिऱ्हाइकाने आपली मोटार शर्यतीत चालविण्याची संधी दिली, तेव्हा धाकट्याने आईला कळू नये यासाठी आरंभी नाव बदलून भाग घेतला. १९६४ साली केन टिरेल या लाकडाच्या व्यापाऱ्याने त्याची चाचणी घेतली. हा व्यापारी धंद्याबरोबरच शर्यतीच्या गाड्यांचा चमूही चालवीत असे. खालच्या श्रेणीच्या, म्हणजे फॉर्म्युला थ्रीच्या गाडीत या नवख्या पोराने ब्रूस मॅक्लारेन या नामांकित चालकाहूनही कमी वेळ नोंदविला. टिरेलने त्याला तत्काळ आपल्याकडे घेतले. १९६५ मध्ये तो बी. आर. एम. या ब्रिटिश चमूतर्फे सर्वोच्च श्रेणीत उतरला आणि त्याच वर्षी इटलीतील मॉन्झा येथे पहिला विजय मिळवून मोकळा झाला. येथवरची हकीकत कोणत्याही यशस्वी खेळाडूची म्हणून शोभेल. तिला वळण लागले ते १९६६ साली, बेल्जमच्या स्पा येथे.

स्पाची शर्यत त्या काळी नेहमीच्या रहदारीच्या रस्त्यांवर होई. चौदा किलोमीटरांची एक फेरी. रस्त्याच्या कडेला घरे, झाडे, तारेचे खांब. १२ जून १९६६ रोजी शर्यत सुरू झाली तेव्हा प्रारंभाच्या जागी रस्ता कोरडा होता. परंतु काही किलोमीटरांवर मुसळधार पाऊस कोसळत होता. पहिल्याच फेरीत एकामागून एक गाड्या रस्ता सोडून गेल्या. स्टुअर्टची गाडी ताशी अडीचशे किलोमीटरांहून अधिक वेगाने घसरली आणि खांबाला व एका झोपडीला धडकून शेतावरील एका इमारतीशी जाऊन थांबली. स्टिअरिंगचा दांडा पायावर दाबला गेल्यामुळे त्याला बाहेर पडता येईना. टाक्या फुटून पेट्रोल बैठकीत साचले, कपड्यांतून कातडीपर्यंत झिरपले. एक ठिणगी पुरे होती.

मदतीला कोणी आले का? शर्यतीच्या चालकांपैकी तेथे एकही मनुष्य नव्हता, हत्यारे नव्हती, डॉक्टर नव्हता. धावून आले ते त्याच्यासारखेच घसरलेले दोन स्पर्धक, ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्ड्युरंट. स्टिअरिंग काढण्यासाठी पाना हवा होता. तो एका प्रेक्षकाकडून उसना आणावा लागला. सुटका व्हावयास सुमारे पंचवीस मिनिटे लागली. त्यानंतर जखमीला प्रथमोपचाराच्या खोलीत नेऊन स्ट्रेचरसकट जमिनीवर ठेवण्यात आले. त्या जमिनीवर सिगारेटची थोटके पसरलेली होती. पुढे लिएज शहरातील रुग्णालयात नेत असताना ॲम्ब्युलन्सच रस्ता चुकली. स्टुअर्टचे हासळीचे हाड मोडले होते आणि पेट्रोलने कातडी भाजली होती. पण ठिणगी पडली नाही, एवढ्यावरच तो वाचला.

बरा होऊन परतल्यावर त्याने एक साधी गोष्ट केली. गाडीच्या स्टिअरिंगजवळ त्याने चिकटपट्टीने एक पाना लावून ठेवला. अंगाला पट्टे बांधून घ्यावयास त्याने सुरुवात केली. गाडी पेटली तर बाहेर फेकले जाणे बरे, अशा समजुतीने तोवर बहुतेक चालक पट्टे टाळीत. शर्यतीच्या जागी आपला स्वतःचा डॉक्टर असावा, याचीही त्याने तजवीज केली. मग तो शर्यतीच्या व्यवस्थापकांकडे वळला. कडेची झाडे तोडा, लोखंडी कठडे बसवा, आग विझविणारी माणसे नेमा, जवळ उपचाराची सोय ठेवा, अशा त्याच्या मागण्या होत्या. बी. आर. एम.चे प्रमुख लुई स्टॅन्ली यांनी १९६७ मध्ये शर्यतीबरोबर हिंडणारे फिरते रुग्णालय उभे केले, ते याच विचारातून.

आज या मागण्या ऐकून त्यांत वादाचे काय होते, असे आपणास वाटेल. पण वाद झाला, आणि कडवट झाला. मृत्यूचा धोका हाच या खेळाचा प्राण, तो काढला तर मागे उरेल काय, असे म्हणणारे पुष्कळ होते. रस्त्यांच्या मालकांना खर्च नको होता. काही जुन्या चालकांनी व लेखकांनी तर त्याला भित्रा ठरविले. या आरोपाला त्याने दिलेले उत्तर वादविवादातले नव्हते. १९६८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग येथे शर्यत झाली. डोंगरातून जाणारी बावीस किलोमीटरांहून लांब फेरी, दीडशेहून अधिक वळणे, त्यात दाट धुके आणि संततधार पाऊस. स्टुअर्टच्या मनगटाचे हाड आधीच्या अपघातात मोडलेले, हात आधारपट्टीत. अशा स्थितीत त्याने ती शर्यत चार मिनिटांहून अधिक अंतराने जिंकली! ज्या खेळात सेकंदांच्या फरकाने हार-जीत होते, त्यात हे अंतर अविश्वसनीय म्हटले पाहिजे. त्याला भित्रा म्हणणे यानंतर कोणालाही सोपे राहिले नाही.

या बळावर त्याने चालकांची संघटना आपल्या बाजूस वळविली. स्पाच्या रस्त्यावर सुधारणा होत नाहीत म्हणून १९६९ ची तेथील शर्यत चालकांनी होऊ दिली नाही. १९७० साली न्यूरबुर्गरिंगवर तोच प्रसंग आला आणि जर्मनीची शर्यत हॉकनहाइमला हलवावी लागली. पण त्याच १९७० साली काय घडले पाहा. जूनमध्ये ब्रूस मॅक्लारेन आणि पिअर्स करेज गेले. सप्टेंबरात मॉन्झा येथे सराव करताना योखेन रिंट गेला. रिंट हा स्टुअर्टचा स्वित्झर्लंडमधील शेजारी आणि जिवाभावाचा मित्र. त्याच्या गाडीत पट्टे होते. पण मांड्यांमधून घ्यावयाचा पट्टा त्याने बांधलाच नव्हता, त्यामुळे धडक बसताच तो खाली घसरला. त्या वर्षीचे अजिंक्यपद त्याला मृत्यूनंतर देण्यात आले. स्टुअर्टची पत्नी हेलन शर्यतीच्या वेळी हाती घड्याळ घेऊन फेऱ्यांची नोंद ठेवीत असे. ज्या बायकांच्या शेजारी बसून ती हे काम करी, त्यांतील एकेकीचे सांत्वन करण्याचा प्रसंग तिच्यावर येऊ लागला.

१९७३ साल उजाडले. एप्रिलमध्येच स्टुअर्टने हंगामअखेर निवृत्त होण्याचे ठरविले होते. टिरेल आणि आणखी एक-दोन जण सोडले, तर त्याने ही गोष्ट कोणास सांगितली नाही, हेलनलाही नाही. उरलेल्या शर्यती तिने बोटांवर मोजीत बसू नये, हा त्यातील हेतू होता. २९ जुलै रोजी हॉलंडमधील झांडफोर्ट येथे त्याने सव्विसावी शर्यत जिंकून, आपलाच देशबांधव असलेल्या दिवंगत जिम क्लार्कचा पंचवीस विजयांचा विक्रम मोडला. पण त्या विजयाचा आनंद कोणालाच झाला नाही. त्याच शर्यतीत रॉजर विल्यमसन हा तरुण उलटलेल्या, पेटलेल्या गाडीखाली अडकून मरण पावला होता. डेव्हिड पर्ली नावाचा दुसरा स्पर्धक आपली गाडी थांबवून, एकटाच ती जळती गाडी उलथविण्याची धडपड करीत होता. बाजूला उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यांजवळ आगीत शिरण्याजोगे कपडेही नव्हते. शर्यत चालूच राहिली. सात वर्षांच्या झगड्यानंतरही ही स्थिती होती.

सप्टेंबरात तिसरे अजिंक्यपद निश्चित झाले. शेवटची शर्यत अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेन येथे व्हावयाची होती, आणि ती स्टुअर्टची शंभरावी शर्यत ठरणार होती. ६ ऑक्टोबर रोजी सराव चालू असताना त्याचा सहकारी फ्राँस्वा सेव्हेर कठड्यावर आदळून जागीच ठार झाला. या तरुण फ्रेंच चालकाला स्टुअर्टने धाकट्या भावासारखे शिकविले होते आणि आपल्यामागे तोच चमूचा नायक होणार, हेही ठरल्यासारखे होते. टिरेलने आपला चमू स्पर्धेतून मागे घेतला. शंभरावी शर्यत झालीच नाही. स्टुअर्टची कारकीर्द नव्याण्णव शर्यती आणि सत्तावीस विजय यांवर थांबली. त्याचा विक्रम पुढे चौदा वर्षे टिकला. १९८७ साली फ्रान्सच्या आलाँ प्रॉस्तने तो मोडला.

धोका त्यानंतरही संपला नाही. १९९४ साली इमोला येथे रोलंड रॅट्झेनबर्गर आणि आयर्टन सेना असे दोन चालक लागोपाठच्या दोन दिवशी गेले. प्रत्येक आघातानंतर नियम आणखी कडक होत गेले. मात्र बदल किती झाला, हे एका प्रसंगावरून दिसते. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये रोमाँ ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून दुभंगली आणि आगीचा लोळ उठला. डोक्याभोवतीच्या धातूच्या कमानीमुळे त्याचे मस्तक वाचले. अग्निरोधक कपड्यांनी अंग राखले. मागोमाग येणाऱ्या मोटारीतून डॉक्टर काही क्षणांत पोहोचला. सुमारे अठ्ठावीस सेकंदांत ग्रोजाँ त्या ज्वाळांतून स्वतःच्या पायांनी बाहेर आला, केवळ हात भाजलेले. स्पाची ती पंचवीस मिनिटे आणि बहारीनचे हे अठ्ठावीस सेकंद यांच्यामधील जे अंतर आहे, तीच स्टुअर्टची आणि त्याच्या मार्गाने गेलेल्यांची खरी कमाई होय.

श्रोतेहो, आपल्याकडेही दुचाकीवर बसताना डोक्यास हेल्मेट घालणे हे भित्रेपणाचे लक्षण मानणारे काही कमी नाहीत. त्यांनी या चालकाची आठवण ठेवावी. पावसात आणि धुक्यात, मोडक्या मनगटाने न्यूरबुर्गरिंग जिंकणारा हा मनुष्य गाडीत बसताना सर्व पट्टे आवळून बांधीत असे, आणि हाताशी एक पाना ठेवावयास विसरत नसे.