सिंहाचा छावा मांडीवर घेण्यापूर्वी

आफ्रिका म्हटले की सिंह, हत्ती, जिराफ डोळ्यांपुढे उभे राहतात. पूर्वी तिकडे राजेरजवाडे नि साहेबलोक बंदुका घेऊन जात. आता आपल्या मुंबई-पुण्याची, क्वचित तालुक्याच्या गावचीही मंडळी कॅमेरा घेऊन जातात. बंदूक गेली, कॅमेरा आला, म्हणजे जनावर सुखी झाले, असे आपल्याला वाटते. पण गोष्ट इतकी सोपी नाही.

दक्षिण आफ्रिकेचेच उदाहरण घ्या. तेथे कित्येक खाजगी मालक तारेच्या कुंपणात सिंह पाळतात. त्यांची संख्या आठ हजारांच्या आसपास सांगतात. म्हणजे त्या देशाच्या रानात मोकळे फिरणाऱ्या सिंहांहून कितीतरी अधिक. पैसे भरले की प्रवाशाला छावा मांडीवर घेता येतो, बाटलीने दूध पाजता येते. पिलू पोरके आहे, असे पुष्कळदा सांगतात. पण ते पोरके झाले कसे? रानातली सिंहीण पिले सुमारे दोन वर्षे सांभाळते. येथे मात्र जन्मल्यावर थोड्याच दिवसांत पिलू आईपासून तोडतात. मग ती लवकर माजावर येते आणि पुढचे वेत लवकर मिळते. ज्यांच्या गोठ्यात गाय आहे, त्यांना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

छावा मोठा झाला की त्याला कुरवाळणे धोक्याचे. त्याला शिकार येत नाही, माणसाचे भय उरलेले नसते. तेव्हा रानातही सोडता येत नाही. मग अशा कित्येक सिंहांना कुंपणातच हौशी शिकाऱ्याच्या बंदुकीपुढे सोडतात. हाडेही विकली जात. ती पूर्व आशियाच्या औषधी बाजारात पोचत. २०२१ साली तेथील सरकारी समितीने ही पैदास बंद करावी, अशी शिफारस केली. पण गिऱ्हाईक आहे तोवर धंदा वाटा शोधतोच.

"आम्ही तर शिवतही नाही, लांबून पाहतो," असे कोणी म्हणेल. केनियातल्या मसाई मारा रानात चित्ता दिवसाउजेडी शिकार करतो. भोवती मोटारींचे कोंडाळे पडले की सावज बिथरते, मादी उपाशी राहते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की, जेथे प्रवासी विरळ तेथे मादी एका वेतात सरासरी दोनांहून अधिक पिले जगवते. जेथे गर्दी फार, तेथे पाच वेतांत जेमतेम एक. एका जनावराभोवती पाचांहून अधिक गाड्या नकोत, असा नियम आहे. पण प्रवासीच "आणखी जवळ घे" म्हणून बक्षिशी दाखवू लागला, तर बिचारा ड्रायव्हर काय करील?

मग जाऊच नये की काय? तसे नव्हे. रुआंडात डोंगरी गोरिलांच्या एका टोळीला दिवसातून एकदा, फक्त आठ प्रवासी, तासभर भेटू शकतात. सर्दी-खोकला झालेल्याला परत धाडतात, कारण आपला आजार गोरिलांना लागतो. परवान्याची किंमत जबर आहे. पण उद्यानांच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा शेजारच्या गावांकडे जातो. गावाला वाटले पाहिजे की, हे जनावर जगले तर आपलेही भले आहे. विरुंगा डोंगरांत १९८१ च्या सुमारास अडीचशे गोरिला उरले होते; पुढच्या मोजणीत, २०१६ पर्यंत, ते सहाशेंवर गेले. राखणदारांनी जिवावर उदार होऊन केलेल्या पहाऱ्याला हे फळ आले, आणि त्या पहाऱ्याला प्रवाशांच्या पैशाची जोड मिळाली.

सारांश, प्रवाशाचा पैसा दोन्हीकडे जाऊ शकतो, राखणदाराच्या पगाराला किंवा पिंजऱ्याच्या तारेला. शिक्षकबंधूंनो, छावा कुशीत घेतलेल्या प्रवाशाचे चित्र कोणी कौतुकाने वर्गात आणले, तर मुलांना दोनच प्रश्न विचारायला सांगा: याची आई कोठे आहे? आणि मोठे झाल्यावर हे जाणार कोठे? ज्या ठिकाणी या प्रश्नांना सरळ उत्तर मिळत नाही, तेथे तिकीट काढू नये.