समजून घ्या : चाकण, हिंजवडी, भोसरीचा खासदार एकच होता, 'खेड' लोकसभा मतदारसंघ कुठे गेला?

समजा तुम्ही चिंचवडला राहता आणि चाकणच्या कंपनीत शिफ्टला जाता. घरातल्या व्यक्तीची नोकरी हिंजवडीत आहे. मग तुमच्या रोजच्या वाहतूक कोंडीचा प्रश्न तीन खासदारांच्या हद्दीत येतो. चिंचवड मावळ लोकसभेत, चाकण शिरूरमध्ये आणि हिंजवडी बारामतीत.

२००९ च्या निवडणुकीआधी ही तिन्ही ठिकाणं एकाच मतदारसंघात होती. त्याचं नाव होतं खेड.

खेड मतदारसंघात काय काय होतं?

जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, मावळ, मुळशी आणि हवेली हे सहा विधानसभा मतदारसंघ. म्हणजे माळशेज घाटापासून मुळशी धरणापर्यंतचा पट्टा. कांदा, बटाटा, ऊस, भात आणि साखर कारखान्याचं राजकारण ही त्याची ओळख. नकाशावर तो ग्रामीण होता. पण पिंपरी-चिंचवड याच मतदारसंघातल्या हवेलीत होतं.

इथून कोण निवडून आलं?

१९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बाळासाहेब साळुंके जिंकले. पुढे १९६२ आणि १९६७ मध्ये काँग्रेसचे रघुनाथ केशव खाडिलकर आले. ते लोकसभेचे उपाध्यक्षही झाले. १९७१ मध्ये अनंतराव पाटील, तर १९७७ मध्ये अण्णासाहेब मगर. मगर हे १९७० मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नगरपालिकेचे पहिले नगराध्यक्ष. त्यांच्यानंतर प्रा. रामकृष्ण मोरे १९८० आणि १९८४ असे दोनदा निवडून आले.

१९८९ मध्ये जनता दलाच्या किसनराव बाणखेले यांनी काँग्रेसचा गड पाडला. त्यानंतर विदुरा नवले, निवृत्ती शेरकर आणि अशोक मोहोळ असा क्रम. २००४ मध्ये शिवसेनेचे शिवाजीराव आढळराव पाटील जिंकले. तेच खेडचे शेवटचे खासदार.

मग मतदारसंघ रद्द का झाला?

कारण लोकसंख्या. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं जागांची विभागणी १९७१ च्या जनगणनेवर गोठवली. तेव्हा पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या एक लाखाच्याही आत होती. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आल्या, पाठोपाठ राज्यभरातून कामगार आले. १९८२ मध्ये महापालिका झाली. २००१ च्या जनगणनेत शहर दहा लाखांवर पोहोचलं होतं. हद्दी मात्र जुन्याच. एकट्या हवेलीतले मतदार वाढतच गेले, पण आमदार एकच राहिला.

अखेर न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानं २००१ च्या जनगणनेवरून नवे नकाशे आखले. ते फेब्रुवारी २००८ मध्ये लागू झाले.

तुकडे कसे पडले?

- शिरूर : जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, शिरूर, भोसरी, हडपसर.
- मावळ : पिंपरी, चिंचवड, मावळ आणि घाटाखालचे पनवेल, कर्जत, उरण.
- बारामती : मुळशी तालुका भोर विधानसभेला जोडला गेला, त्यामुळे हिंजवडी इकडे आली.

गंमत म्हणजे ज्या शिरूरचं नाव नव्या मतदारसंघाला मिळालं, तो तालुका खेड लोकसभेत नव्हताच. तो बारामतीत होता. आणि मार्च २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, त्यानंतर महिन्याभरातच इथल्या मतदारांनी पहिल्यांदा 'शिरूर'साठी मतदान केलं. खेड तालुका जगाच्या नकाशावर येत होता आणि लोकसभेच्या नकाशावरून जात होता.

याचा आपल्याला काय फरक पडतो?

फायदा आधी. पूर्वी एका हवेलीत मावणाऱ्या शहराला आता पिंपरी, चिंचवड आणि भोसरी असे तीन आमदार आहेत. पिंपरीची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. दिल्लीतही शहराचा आवाज दोन मतदारसंघांतून पोहोचतो.

तोटा असा, की उद्योगपट्टा एक आणि उत्तरदायी तीन. तळेगाव-चाकण रस्ता मावळमध्ये सुरू होतो आणि शिरूरमध्ये जातो. हिंजवडीहून वाकडला आलात की बारामती संपून मावळ लागतं. खासदार निधीतून वर्षाला पाच कोटींची कामं सुचवता येतात, पण लोकसभा सदस्याला ती मुख्यतः आपल्याच मतदारसंघात. कोंडीवर तिन्ही खासदार बोलतात. मात्र हा पट्टा कुणाचाच पूर्ण मतदारसंघ नाही, त्यामुळे मतदानाच्या दिवशी जाब कुणाला विचारायचा, हे कामगाराला कळत नाही.

पुन्हा हद्दी बदलतील का?

८४ व्या घटनादुरुस्तीनं जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली. नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे. २०११ मध्येच पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाखांवर होती. त्यानंतर मोशी, चिखली, वाकड, पुनावळे इथे किती इमारती उभ्या राहिल्या, हे सांगायला नको.

आयोग अंतिम आदेशाआधी मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. अंतिम आदेशाला मात्र न्यायालयात आव्हान देण्याची वाट फार अरुंद आहे. त्यामुळे मसुदा आला की आधी आपल्या गावाचं, वॉर्डाचं नाव कुठे आहे ते शोधा. घर आणि कंपनी एकाच रेषेच्या आत असावी, असं वाटत असेल तर सांगायची वेळ तीच.