उंदराच्या मेंदूचा ललाटभाग : पेशी, तंतू आणि एक वाद

उंदीर, घूस, खार, साळिंदर हे सारे कृंतक, म्हणजे कुरतडून खाणारे प्राणी होत. यांपैकी प्रयोगशाळेतील उंदराने मेंदूविज्ञानाची जेवढी सेवा केली, तेवढी क्वचितच दुसऱ्या प्राण्याने केली असेल. भीती, स्मृती, व्यसन यांविषयीचे आपले बरेचसे ज्ञान त्याच्यावरील प्रयोगांतून आलेले आहे. तथापि या साऱ्या प्रयोगांच्या मुळाशी एक प्रश्न आहे. माणसाच्या कपाळामागील मेंदूचा जो भाग संयम आणि नियोजन यांच्याशी निगडित मानला जातो, तसा भाग उंदराला असतो काय?

उंदराचा मेंदू सुमारे २ ग्रॅम वजनाचा, तर माणसाचा सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम. माणसाच्या मेंदूचे बाह्यक घड्याघड्यांचे असते. उंदराचे गुळगुळीत असते. मात्र दोहोंचे बाह्यक थरांनीच बनलेले आहे. सामान्यतः सहा थर मानले जातात. पहिल्या थरात पेशी विरळ व तंतू अधिक असतात. दुसऱ्या-तिसऱ्या थरांतील पिरॅमिडाकृती पेशी बाह्यकाच्या इतर भागांशी व दुसऱ्या गोलार्धाशी संधान ठेवतात. चौथा थर बारीक, दाट पेशींचा असल्याने त्यास कणिकामय थर म्हणतात. थॅलॅमसकडून येणारे संदेश मुख्यतः तेथे पोहोचतात. पाचव्या थरातील मोठ्या पेशी मस्तिष्कस्तंभ व मेरुरज्जूपर्यंत तंतू धाडतात, तर सहाव्या थरातील अनेक पेशी थॅलॅमसला उलट संदेश देतात.

हे सारे नुसत्या सूक्ष्मदर्शकाने दिसत नाही; त्यासाठी मेंदूच्या पातळ छेदांना रंग द्यावा लागतो. निस्ल यांच्या रंजनाने पेशींची शरीरे उठून दिसतात. वायगर्ट यांच्या रंजनाने तंतूंवरील मायलिनचे आवरण दिसते. गॉल्जी यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या चांदीच्या रंजनाने मोजक्याच पेशी, पण शाखा-उपशाखांसह संपूर्ण दिसतात. एखाद्या गावाचा एक नकाशा केवळ घरे दाखवतो, दुसरा केवळ रस्ते, तर तिसरा दोन-चार घरेच पण त्यांच्या दारे-ओसऱ्यांसह दाखवतो. तसेच हे आहे. यांपैकी एकाच नकाशावर विसंबणाऱ्यास गाव कळले, असे म्हणता येत नाही.

उंदराच्या दोन गोलार्धांच्या समोरासमोरील भिंतीवर वरून खाली येताना अग्र सिंग्युलेट, प्रीलिंबिक आणि इन्फ्रालिंबिक ही क्षेत्रे ओळीने लागतात. इन्फ्रालिंबिकमध्ये थरांच्या सीमा पुसट होतात. प्रीलिंबिकमध्ये त्या अधिक स्पष्ट असतात. विशेष हे की, या क्षेत्रांत कणिकामय चौथा थरच आढळत नाही. त्याच उंदराच्या मिशांचे संवेदन करणाऱ्या भागात मात्र तो थर ठळक असतो. म्हणजे चौथा थर उंदराला अपरिचित नाही. ललाटभागात तो नाही, इतकेच.

येथेच वाद उभा राहिला. कोर्बिनियान ब्रॉडमान यांनी १९०९ साली पेशीरचनेवरून बाह्यकाचे नकाशे प्रसिद्ध केले. त्यांच्या मते कणिकामय थर हीच अग्रललाट बाह्यकाची खूण. ही कसोटी लावली, तर उंदराला असा भाग नाहीच. पुढे १९४८ साली रोझ आणि वूल्सी यांनी तंतूंची कसोटी मांडली: थॅलॅमसच्या मध्यपृष्ठीय केंद्रकाकडून ज्या भागाला तंतू येतात, तो हा भाग. १९६९ साली लेनर्ड यांनी उंदरातील हे तंतू शोधले. चौथा थर नसल्याने ते मुख्यतः तिसऱ्या व पहिल्या थरांत विसावतात. या कसोटीने उंदरालाही तो भाग लाभला! परंतु माकडात हेच केंद्रक कणिकामय नसलेल्या क्षेत्रांनाही तंतू पाठवते, तेव्हा ही खूणही एकटी पुरेशी ठरत नाही. १९९५ साली प्रॉयस यांनी नेमका हाच आक्षेप घेतला.

हा केवळ नावाचा वाद नव्हे. २००२ साली मिलाद आणि क्वर्क यांनी दाखविले की, शिकलेली भीती ओसरल्याची आठवण जागी होते तेव्हा उंदराच्या इन्फ्रालिंबिक पेशी सक्रिय होतात. असे धडे माणसाच्या मेंदूतील समरूप जुन्या क्षेत्रांना बऱ्याच अंशी लागू पडू शकतात. परंतु माणसाच्या ललाटाच्या बाहेरील बाजूस जो विस्तीर्ण कणिकामय प्रदेश आहे, त्याविषयीचे निष्कर्ष उंदरावरून काढताना सावध राहिलेच पाहिजे. अन्यथा उंदरात गुणकारी ठरलेले औषध माणसात का फसले, हे उमगणार नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने यातून एवढे अवश्य घ्यावे : दोन वस्तूंना एक नाव दिले म्हणून त्या एक होत नाहीत. कोणत्या कसोटीवर त्यांना एक म्हटले, हे प्रथम विचारावे. ज्या मुक्या जीवांच्या प्राणांवर हे ज्ञान उभे आहे, त्यांच्यासंबंधीचे आपले किमान कर्तव्यही हेच की, त्यांनी जे सांगितले नाही ते त्यांच्या नावावर खपवू नये.