हेल्पर ठेवताना काय पाहावं? एका करारनाम्याचं वाचन

संशोधनाचा विषय शोधताना आपण बहुतेक वेळा मोठ्या शब्दांपासून सुरुवात करतो: स्थलांतर, लिंगभाव, श्रम. आज उलटं करून बघू. एक साधा घरगुती प्रश्न घेऊ: परदेशी घरकामगार ठेवताना काय काय पाहावं?

उदाहरण हाँगकाँगचं. तिथे साडेतीन लाखांच्या आसपास परदेशी घरकामगार आहेत. बहुतेक सगळ्या बायका, आणि बहुतेक फिलिपिन्स नाहीतर इंडोनेशियातून आलेल्या. तिकडे त्यांना सरळ ‘हेल्पर’ म्हणतात. उद्या तुमच्यापैकी कुणी लहान मूल घेऊन पोस्टडॉकसाठी तिथे गेलं, तर हा प्रश्न तुमच्याही घरात येईल.

नेहमीची यादी आपल्याला पाठ असते. अनुभव किती, स्वयंपाक येतो का, इंग्रजी कसं आहे, मुलांची सवय आहे का. ही यादी चुकीची नाही. पण नीट बघा, त्यातला प्रत्येक प्रश्न *तिच्याबद्दल* आहे. व्यवस्थेबद्दल एकही नाही. म्हणून आता करारनामा हातात घेऊ.

1. पगार: आकडा नाही, भागाकार बघा

हाँगकाँगमध्ये हेल्परसाठी सरकारी नमुन्यातलाच दोन वर्षांचा करार लागतो. सप्टेंबर 2024 च्या अखेरीपासूनच्या करारांना किमान पगार होता महिना 4,990 हाँगकाँग डॉलर. शिवाय जेवण किंवा जेवणाचा भत्ता, राहणं, औषधपाणी आणि येण्याजाण्याचं भाडं मालकाकडे.

आता समजा ती महिन्याचे 26 दिवस, रोज 12 तास काम करते. झाले 312 तास, म्हणजे ताशी साधारण 16 डॉलर. त्या वेळी शहरातलं ताशी किमान वेतन होतं 40 डॉलर. मग हे कायद्यात बसतं कसं? कारण 2011 पासून लागू झालेल्या किमान वेतन कायद्यातून मालकाच्या घरी राहणाऱ्या घरकामगारांना वगळलं आहे.

इथे घाई करू नका. राहण्याजेवणाची किंमत धरली तर हे अंतर कमी होतं. पण ती किंमत कोणत्या भावाने धरायची? आणि रात्री बाळ रडलं म्हणून ती उठली, तर तो वेळ कामाचा की नाही? करारात कामाचे तास ठरवलेलेच नाहीत. तुमचं गृहीतक कुठे आहे ते आधी लिहा, मग आकडा लिहा.

2. एजन्सीची फी: दोन देशांत विचारा

हाँगकाँगमधली एजन्सी हेल्परकडून पहिल्या महिन्याच्या पगाराच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. म्हणजे वरच्या पगारावर 499 डॉलर. फिलिपिन्सने तर 2006 मध्ये घरकामगार बायकांकडून नोकरी लावून देण्याची फी घ्यायलाच बंदी केली.

तरीही अनेक जणी कर्ज घेऊनच येतात. फी बंद झाली की ‘प्रशिक्षण’, ‘वैद्यकीय तपासणी’, ‘कागदपत्रं’ अशा नावांनी पैसे घेतले जातात, आणि पुढे कित्येक महिने पगारातून हप्ते जातात. म्हणून मालकाने एजन्सीला विचारायचा प्रश्न “माझ्याकडून किती घेणार?” एवढाच नाही. “तिच्याकडून किती घेतले, कुठल्या देशात, कशाच्या नावाखाली?” हाही आहे. आणि हाच प्रश्न तिलाही वेगळा, एजंट समोर नसताना विचारायचा. मालकाला स्वस्त पडलेल्या व्यवहाराचा खर्च कुणाच्या तरी अंगावर पडलेला असू शकतो.

3. खोली: फॉर्म काय मान्य करतो?

2003 पासून हेल्परने मालकाच्याच घरात राहणं सक्तीचं आहे. करारासोबतच्या तक्त्यात घर किती चौरस फूट, तिला वेगळी खोली आहे का, हे भरावं लागतं. खोली नसेल तर पर्यायही छापलेले आहेत: आडोसा करून दिलेली जागा, किंवा मुलांच्या खोलीत सोय. तो छापील पर्यायच तुमचा पुरावा आहे. स्वतःची खोली नसणं हा तिथे अपवाद नाही, नियमात बसवलेली शक्यता आहे.

कायद्याने सात दिवसांत एक पूर्ण सुट्टी मिळते. रविवारी सेंट्रल भागात फुटपाथवर पुठ्ठे टाकून बसलेल्या हजारो बायका दिसतात, त्यामागचं एक कारण या तक्त्यात सापडतं.

4. बाहेर पडायची वाट

1987 पासूनचा नियम: करार संपला किंवा मोडला, की दोन आठवड्यांत देश सोडायचा. व्हिसाची मुदत त्याआधी संपत असेल तर त्याहून लवकर. करार अर्धवट सोडून तिथल्या तिथे मालक बदलणं काही अपवाद वगळता जमत नाही.

आता हे मुद्दे एकत्र ठेवा. डोक्यावर कर्ज, राहायला मालकाचंच घर, आणि नोकरी गेली तर हातात चौदा दिवस. अशा वेळी “ती कधी तक्रार करत नाही, खूश आहे” या वाक्याचा अर्थ काय? मालक हे अगदी मनापासून म्हणत असेल. तरी तक्रार नसणं म्हणजे त्रास नसणं, असं इथे धरता येत नाही. मुलाखत घेतानाही हेच लक्षात ठेवा. मालकाच्या स्वयंपाकघरात बसून हेल्परची मुलाखत घेतलीत, तर उत्तरं स्वयंपाकघरापुरतीच मिळतील.

तर काय पाहावं? हेल्पर ठेवणार असाल तर तिच्या गुणांच्या यादीआधी कर्ज, तास, खोली आणि सुट्टी बघा, आणि तिचा पासपोर्ट तिच्याकडेच राहू द्या. संशोधन करणार असाल तर प्रश्न कोण विचारतंय ते बघा. मालकाच्या प्रश्नातून माणसाची पारख होते. व्यवस्था दिसायला प्रश्नाची बाजू बदलावी लागते.

सरावासाठी परदेशी जायची गरज नाही. पुण्यामुंबईत ‘चोवीस तासांची बाई’ ठेवताना बोली बहुधा तोंडीच होते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा आहे. तो मिळवा, आणि हेच चार मुद्दे घेऊन वाचा: पैसे, तास, जागा, बाहेर पडायची वाट. ज्या मुद्द्यावर कायदा गप्प असेल, तिथे खूण करा. तुमचा संशोधनप्रश्न तिथे सापडण्याची शक्यता जास्त आहे.