सात कोटींची शिल्लक आणि गणिताचे मास्तर

नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लिखित भाग. ज्यांचा डेटा संपलाय त्यांच्यासाठी तर आहेच, पण या वेळी सगळ्यांनीच वाचा, कारण आज आकडे जास्त आहेत आणि कानाने ऐकलेले आकडे डोक्यात टिकत नाहीत.

विषय आहे गणित शिकवता शिकवता देशाचा पुढारी झालेला माणूस. हे ऐकल्यावर तुमच्या डोक्यात पहिलं नाव टिळकांचं येणार. बरोबरच आहे. टिळक गणित घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. झाले, न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसनमध्ये शिकवलं, आणि पुढे 'ओरायन'मध्ये ताऱ्यांच्या जागांवरून वेदांचा काळ मोजायला बसले. त्याच फर्ग्युसनचे विद्यार्थी रँग्लर परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, नंतर मुंबई प्रांतात मंत्री झाले. या दोघांपुढे गोपाळ कृष्ण गोखले गणिती म्हणून फिकेच. त्यांच्या नावावर एकही प्रमेय नाही. आहे ते शाळेतल्या पोरांसाठी लिहिलेलं अंकगणिताचं पुस्तक. तेवढंच. पण माझं मत असं की त्रैराशिक आणि टक्केवारी एवढ्या भांडवलावर राजकारणात जितकं काम गोखल्यांनी केलं, तितकं बाकी दोघांनी आपल्या मोठ्या गणिताने केलं नाही. टिळकभक्तांनी कमेंटमध्ये भांडावं, मी वाचेन.

आधी माणूस बघू. जन्म ९ मे १८६६, कोतळूक, तालुका गुहागर. वडील कागल संस्थानात नोकरीला, आणि गोपाळ लहान असतानाच वारले. मोठे भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून पंधरा रुपयांच्या नोकरीला लागले आणि त्यातले आठ रुपये दर महिन्याला धाकट्याला पाठवू लागले. आठ रुपयांत महिना काढायचा. हिशेब हा या माणसाचा पुस्तकातला विषय होण्याआधी पोटाचा विषय होता. १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए., मग पुण्यात पस्तीस रुपयांवर मास्तर, मग फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक. आधी इंग्रजी, मग गणित, मग इतिहास आणि अर्थशास्त्र. जो तास रिकामा, तो गोखल्यांचा.

दोन गुरू महत्त्वाचे. एक न्यायमूर्ती रानडे, हे सगळ्यांना माहीत असतात. दुसरे गणेश व्यंकटेश जोशी, सोलापूरचे हेडमास्तर. सरकारी अहवालांचे जाडजूड ग्रंथ उघडून त्यातून काय काढायचं, कोणता तक्ता कोणत्या तक्त्याशी ताडून बघायचा, हे गोखले जोशींकडून शिकले. पुढे अर्थसंकल्पाच्या भाषणांमागेही जोशींची मेहनत असायची. आज अशा माणसाला डेटा ॲनालिस्ट म्हणतात आणि बंगळुरूत नेऊन बसवतात. हे सोलापुरात शाळा सांभाळून करत होते.

आता १८९७. गोखले लंडनला गेले, भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला. साक्ष उत्तम झाली. पण तिथेच, पुण्यात प्लेगच्या वेळी गोऱ्या सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांबद्दल पत्रांतून कळलेली माहिती त्यांनी जाहीरपणे सांगितली. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रं लिहिणाऱ्यांना उघडं पाडता येईना, सिद्ध काही करता येईना. गोखल्यांनी माफी मागितली. पुण्यात त्यांची छीथू झाली. एखाद्याचं राजकारण तिथेच संपलं असतं.

म्हणून २६ मार्च १९०२ ची तारीख मला इतकी मोठी वाटते. कलकत्ता, व्हाइसरॉयचं कायदे कौन्सिल, खुर्चीत लॉर्ड कर्झन. अर्थखात्याचे सदस्य सर एडवर्ड लॉ यांनी बजेट मांडलंय आणि सात कोटी रुपयांची शिल्लक दाखवलीय. सगळे अभिनंदन करतायत. नियम असा की सदस्यांनी बजेटवर बोलायचं, पण मत द्यायचा अधिकार नाही. म्हणजे हातात फक्त बोलणं. पस्तीस वर्षांचे गोखले उठले आणि म्हणाले की मला या अभिनंदनात सामील होता येत नाही.

का? इथे थोडं थांबू, हाच आजचा गाभा आहे.

सरकार कर घेतं रुपयांत. पण लंडनला दरवर्षी पेन्शनी, व्याज, इंडिया ऑफिसचा खर्च वगैरे पाठवायचा असतो पौंडांत. रुपया चांदीचा, आणि चांदी जगभर उतरत होती. १८९४-९५ च्या सुमारास रुपया जवळपास १३ पेन्सवर आला. आता गणित करा. एक कोटी पौंड म्हणजे २४० कोटी पेन्स. रुपया १३ पेन्सचा असेल तर ते भागवायला साधारण साडेअठरा कोटी रुपये लागतात. रुपया १६ पेन्सचा असेल तर फक्त पंधरा कोटी. पौंड तेवढेच, फरक साडेतीन कोटींचा.

रुपया पडत होता तेव्हा सरकारने खड्डा भरायला कर वाढवले. १८८६ मध्ये प्राप्तिकर आला. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. मग १८९३ मध्ये टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या, रुपया मुद्दाम दुर्मिळ केला, आणि तो चढत चढत १६ पेन्सवर स्थिर झाला. खड्डा बुजला. कर मात्र तसेच राहिले. लंडनला वर्षाला दीड कोटी पौंडांहून जास्त जात होते, त्यावर गोखल्यांनी बचत चार ते पाच कोटींमध्ये धरली, म्हणजे हात राखूनच. आता सात कोटींची शिल्लक कुठून आली ते दिसतं ना? देश श्रीमंत झाला म्हणून नाही. खड्ड्यासाठी मागितलेले पैसे खड्डा बुजल्यावरही घेत राहिले म्हणून.

आमच्या धंद्यात असं होतं. डॅशबोर्ड सगळा हिरवा, आणि खाली युझरचं ॲप उघडत नाही. गोखल्यांनी डॅशबोर्ड बाजूला सारून युझरकडे बघितलं. ती कोणती वर्षं होती? १८९६-९७ चा दुष्काळ, १८९९-१९०० चा दुष्काळ, मध्ये प्लेग. आपली बिरसी तेव्हा भंडारा जिल्ह्यात, मध्य प्रांतात. (गोंदिया जिल्हा १९९९ चा, ते सोडा.) धानाच्या बांध्या कोरड्या पडल्या. १९०१ च्या जनगणनेत मध्य प्रांताची लोकसंख्या १८९१ पेक्षा कमी भरली. वाढली नाही, घटली. आणि घरातले चांदीचे गोठ-वाळे मोडायला नेले तर टांकसाळ बंद असल्यामुळे चांदीचा भाव रुपयाच्या मानाने खाली गेलेला. त्याच काळात तिजोरीत शिल्लक.

गोखल्यांचा नेमका मारा मिठावर होता. कर मिठाच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट. माणशी खप वर्षाला दहा पौंडांच्याही आत, आणि डॉक्टरी हिशेबाने तब्येतीला लागतं त्याच्या निम्मा. माणूस काटकसर करून करून शेवटी मिठात करतो, तेव्हा समजायचं काय ते. हे आकडे सरकारचेच होते, म्हणून लॉ साहेबांना खोडता येईनात. पाच वर्षांपूर्वी पुराव्यावाचून माफी मागावी लागलेल्या माणसाने या वेळी प्रत्येक वाक्याखाली समोरच्याचाच कागद ठेवला होता.

परिणाम? १९०३ मध्ये मीठकर अडीचवरून दोन रुपये झाला आणि प्राप्तिकराची माफी पाचशे रुपयांच्या उत्पन्नावरून हजारावर गेली. १९०५ मध्ये मीठकर दीड रुपया, १९०७ मध्ये एक. एका भाषणाने हे झालं म्हणणं खोटं ठरेल. कर्झनलाही काही सवलत दाखवायची होतीच. पण कोणती सवलत, हे ठरवताना मिठाचं नाव टाळता येऊ नये, इतकं गोखल्यांनी ते वर्षानुवर्षं वाजवलं. कर उतरल्यावर खप वाढला, तेही पुढच्या भाषणांत त्यांनी मोजून दाखवलं.

बाकीचं आयुष्य पुस्तकांत सापडतं, भराभर सांगतो. १९०२ मध्येच फर्ग्युसन सोडलं. १९०५ मध्ये भारत सेवक समाज, त्याच वर्षी बनारस काँग्रेसचं अध्यक्षपद. १९११ मध्ये सहा ते दहा वयाच्या मुलांच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक. हाही अंकगणिताचाच नमुना: आधीच पुरेशी मुलं शाळेत जात असतील तिथेच सक्ती, आणि खर्चातला मोठा वाटा सरकारचा. आता कौन्सिलमध्ये मतदान होतं. मार्च १९१२ मध्ये ते झालं: बाजूने १३, विरोधात ३८. कौन्सिलमध्ये सरकारी सदस्यच जास्त, त्यामुळे हे उत्तर गोखल्यांना आधीच ठाऊक होतं. तरी त्यांनी मत मोजायला लावलं.

१९ फेब्रुवारी १९१५ ला ते गेले, वय अठ्ठेचाळीस. मीठकर नंतर पुन्हा चढला. १९२३ मध्ये कायदेमंडळाचा विरोध डावलून व्हाइसरॉयने तो एका वर्षासाठी परत अडीच रुपयांवर नेला. आणि १९३० मध्ये दांडीला जो माणूस मूठभर मीठ उचलायला चालत गेला, तो गोखल्यांना आपला राजकीय गुरू म्हणायचा.