एक खुर्ची, चार देश

शहापूर किंवा मुरबाडहून आतल्या रस्त्याला लागलं की कुठे ना कुठे पाटी दिसते: गट ग्रामपंचायत. दोन-चार गावं, त्यांचे पाडे, आणि सगळ्यांचा मिळून एक सरपंच. लोकसभेला तर हे दोन्ही तालुके भिवंडीत मोडतात. सहा विधानसभा मतदारसंघांमागे एक खासदार. हीच रीत थेट वॉशिंग्टनपर्यंत चालते हे कळलं, तेव्हा मी थक्क झालो.

तिथल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे सदस्य देश १९१, कार्यकारी मंडळातल्या खुर्च्या मात्र २५. अमेरिका, चीन, जपान अशा मोजक्यांना स्वतंत्र खुर्ची मिळते. बाकीच्यांनी गट बांधायचा. आपल्या गटात बांगलादेश, श्रीलंका आणि भूतान आहेत. गटाची मतं साधारण तीन टक्के, त्यातली अडीचहून जास्त भारताची, म्हणून खुर्चीत बसणारा संचालक भारतीय असतो. आणि गंमत पाहा: ही मतं फोडता येत नाहीत. भूतानचं म्हणणं वेगळं असेल तर संचालक ते बैठकीत मांडू शकतो, पण मत पडतं ते एकगठ्ठाच.

सगळीकडे खुर्ची मोठ्या देशाकडेच राहते असं नाही. डेन्मार्क, स्वीडन, एस्टोनिया, आइसलँड वगैरे आठ देश एकच खुर्ची पाळीपाळीने वापरतात. इवल्याशा आइसलँडचा माणूसही आठ देशांच्या वतीने बोलतो!

भारताला मात्र एकेकाळी वाटेकरी नव्हते. १९४४ साली ब्रेटन वुड्सला, नाणेनिधी जिथे ठरला त्या परिषदेला, भारताचं जे शिष्टमंडळ गेलं, त्यात महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख होते, तेव्हाचे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. निधीतला भारताचा वाटा ठरला ४० कोटी डॉलर, क्रमांक सहावा. पण आपल्या वर असलेला सोव्हिएत संघ नाणेनिधीत आलाच नाही, आणि पहिल्या पाचांना मिळणारी हक्काची खुर्ची आपल्याला मिळाली. १९७० मध्ये जपान पुढे सरकला आणि ती गेली.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो २०२३ चा प्रसंग. कर्जात बुडालेल्या श्रीलंकेला नाणेनिधीकडून सुमारे तीन अब्ज डॉलर हवे होते. त्यासाठी आधी सावकार देशांनी कर्जात सवलतीची हमी द्यायची होती. जानेवारीत ती सर्वांआधी भारताने दिली. मार्चमध्ये मंडळाने कर्ज मंजूर केलं, तेव्हा मंडळात श्रीलंकेच्या वतीने बसलेला संचालकही भारताचाच होता. सावकार तोच, आणि वकीलही तोच.