स्वतःचे विमान : हौस, हिशेब आणि जबाबदारी

२६ नोव्हेंबर २००५ रोजी सिन्नर तालुक्यातील पांचाळे गावाच्या शिवारात आकाशातून एक प्रचंड फुगा उतरला. मुंबईहून निघालेल्या त्या उष्ण हवेच्या फुग्यात उद्योगपती विजयपत सिंघानिया होते. वयाच्या ६७ व्या वर्षी सुमारे २१ हजार मीटर उंची गाठून त्यांनी जागतिक उच्चांक प्रस्थापित केला होता. त्यापूर्वी १९८८ मध्ये त्यांनी एका लहानशा मायक्रोलाइट विमानातून इंग्लंड ते भारत हा प्रवास एकट्याने २३ दिवसांत पूर्ण केला होता. कापडाच्या व्यवसायातील एक गृहस्थ केवळ हौसेपोटी आकाशाशी एवढे सख्य जोडतो, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले.

वास्तविक व्यापारी-उद्योजक घराण्यांचा आणि विमानाचा संबंध जुना आहे. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी स्वतः कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे टपाल आणले. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगळूर येथे विमानांचा कारखाना उभा केला. त्याच हिंदुस्थान एअरक्राफ्टमधून पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही संस्था आकारास आली आणि १९६४ मध्ये मिग विमानांच्या निर्मितीसाठी तिचा विभाग आपल्या ओझर येथे आला. नाशिककरांना विमानाचा आवाज परका नाही तो यामुळेच.

अलीकडे मात्र हा विषय निराळ्या रूपाने घरापर्यंत येऊ लागला आहे. बँकेच्या सेवेत असताना कर्जप्रस्ताव तपासण्याची जी सवय जडली, तिच्यामुळे निवृत्तीनंतरही परिचित मंडळी सल्ल्यासाठी येतात. नाशिकमधील धान्याच्या एका जुन्या पेढीतील थोरले आणि धाकटे बंधू असेच एकदा आले. धाकट्यांच्या मुलाने वैमानिकाचा खासगी परवाना मिळविला होता आणि आता त्याला स्वतःचे दोन आसनी विमान हवे होते. थोरल्या काकांचे म्हणणे असे, की पेढीच्या खेळत्या भांडवलातून एक रुपयाही यासाठी बाहेर जाता कामा नये. वडिलांचे म्हणणे असे, की मुलगा निर्व्यसनी आहे, कष्टाळू आहे, मग त्याची एवढी हौस का मोडावी? एकत्र व्यवसायातील दोन भावांच्या परस्पर विश्वासाला यामुळे धक्का बसण्याची चिन्हे होती. त्या निमित्ताने जो अभ्यास झाला, तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

आनंद खरा आहे

प्रथम हे मान्य केले पाहिजे, की या हौसेत मिळणारा आनंद पोकळ नाही. मोठ्या विमानाच्या खिडकीतून दिसतात ते ढग. लहान विमानातून दिसतो तो आपला मुलूख. काही हजार फुटांवरून गंगापूर धरणाचे पाणी, ब्रह्मगिरी आणि अंजनेरीचे कडे, निफाडकडील द्राक्षबागांच्या रांगा, उत्तरेकडे मांगी-तुंगीचे जोडशिखर हे सारे एका दृष्टिक्षेपात कसे बसत असेल, याची कल्पना करावी. जी वाट मोटारीने अर्धा दिवस खाते, तिचा संपूर्ण भूगोल तासाभरात उलगडतो.

दुसरा लाभ शिस्तीचा. उड्डाणापूर्वी इंधनाचा नमुना काढून त्यात पाणी उतरले आहे का हे पाहणे, तेलाची पातळी मोजणे, पंख्याच्या पात्यावरून हात फिरवून ओरखडा शोधणे, चेकलिस्टमधील प्रत्येक ओळ मोठ्याने वाचणे आणि प्रत्येक तासाची नोंद लॉगबुकात करणे हे सारे रोजमेळ लिहिण्यासारखेच आहे. आज राहिले तर उद्या लिहू, ही सवलत येथे नाही. ज्या तरुणाच्या अंगी ही शिस्त मुरते, तो दुकानातही अधिक जबाबदारीने वागतो, असे त्या मुलाच्या वडिलांनी सांगितले, आणि काकांनीही ते नाकारले नाही.

पहिला हिशेब : खरेदीचा

विमान घेणे हे मोटार घेण्यासारखे नाही. सेसना १७२ हे चार आसनी विमान १९५५ पासून आकाशात आहे आणि आजवर त्याची ४४ हजारांहून अधिक विमाने तयार झाली. तासाला सुमारे सव्वादोनशे किलोमीटर वेगाने ते जाते. जगभर नवशिके त्यावरच शिकतात. त्याखालोखाल दोन आसनी हलकी विमाने आणि मायक्रोलाइट येतात. आपल्याकडे राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने ‘हंसा’ हे दोन आसनी विमान घडविले. त्याची नवी आवृत्ती ३ सप्टेंबर २०२१ रोजी प्रथम उडाली. तरीही हौसेसाठी घेतली जाणारी बहुतेक विमाने परदेशातून येतात. त्यामुळे आयातीची परवानगी, परकीय चलनाचा दर आणि कर हे तिन्ही हिशेबात येतात.

कराची बाब आपल्या वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानांवर वस्तू व सेवा कराचा दर ४० टक्के झाला आहे. विमान पेढीच्या नावावर घेऊन इनपुट टॅक्स क्रेडिट मिळवू, असा कोणाचा बेत असेल तर तो चालणार नाही. विमानाचा पुढील पुरवठा, प्रवासी किंवा मालाची वाहतूक अथवा उड्डाणाचे प्रशिक्षण हा व्यवसाय असल्याशिवाय कायदा ते क्रेडिट देत नाही. विमा आणि दुरुस्तीवरील करालाही हाच नियम लागू आहे. शिवाय खासगी वापरासाठी नोंदलेल्या विमानात पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. म्हणजे ‘थोडे भाड्याने देऊन खर्च काढू’ हा मार्गही बंद आहे.

दुसरा हिशेब : बाळगण्याचा

बँकेच्या भाषेत सांगायचे तर येथे खर्चाचे दोन भाग पडतात. एक ठरीव खर्च : हँगरचे भाडे, विमा, वार्षिक तपासणी, परवानाधारक अभियंत्याचे मानधन. विमान उडो अथवा न उडो, हा द्यावाच लागतो. दुसरा चालू खर्च : इंधन, तेल, दर १०० तासांची तपासणी आणि इंजिनाच्या मोठ्या दुरुस्तीसाठी प्रत्येक तासामागे बाजूला ठेवायची रक्कम. लहान विमानांच्या अनेक इंजिनांना सुमारे २,००० तासांनी संपूर्ण उकलून पुन्हा बांधावे लागते, आणि तो खर्च ऐनवेळी अंगावर आला तर हौस तेथेच संपते.

उदाहरणादाखल धरू, की ठरीव खर्च वर्षाला १० लाख रुपये आहे. मालकाने वर्षात २० तास उड्डाण केले, तर प्रत्येक तासावर ५० हजारांचा बोजा पडतो. तेच १०० तास केले, तर बोजा १० हजारांवर येतो. सर्वांत महाग विमान कोणते, तर जे हँगरमध्ये उभे असते ते. यात केवळ पैशाचाच प्रश्न नाही. न चालवलेल्या इंजिनाच्या आतील भागांना गंज धरतो, आणि महिनोन्महिने न उडालेल्या वैमानिकाच्या हातांनाही.

इंधनाची गोष्ट तर विशेष आहे. लहान इंजिनांना लागणारे एव्हगॅस हे पेट्रोल मोजक्याच विमानतळांवर मिळते. पूर्वी ते सर्वस्वी आयात होत असे. सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइलच्या वडोदरा येथील कारखान्यात ते बनू लागले. हलक्या विमानांत लोकप्रिय असलेले रोटॅक्स ९१२ हे इंजिन मोटारीच्या पेट्रोलवरही चालते. परंतु उत्पादक त्यात १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालवून घेतो. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला इथेनॉलचे कौतुक असले, तरी विमानाच्या मालकाला मात्र इंधनाची वेगळी तजवीज करावी लागते.

जागा, ऋतू आणि कागद

नाशिकची अडचण अशी, की विमानतळ आहेत, पण हौशी वैमानिकाला मोकळी जागा कमी आहे. ओझरची ३,००० मीटरची धावपट्टी हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या अखत्यारीत आहे. गांधीनगरचा जुना विमानतळ लष्कराच्या हवाई प्रशिक्षणासाठी वापरला जातो. देवळालीला तोफखान्याचे सरावक्षेत्र आहे. समजा, धुळ्यासारख्या ठिकाणी विमान ठेवण्याची सोय झाली, तर सुमारे दीडशे किलोमीटर मोटारीने जायचे, तासभर उडायचे आणि पुन्हा तेवढेच परत यायचे. म्हणून जागेची लेखी व्यवस्था होण्यापूर्वी विमानाची विसार रक्कम देऊ नये.

ऋतूही मालकाच्या हातात नसतो. डोळ्यांनी पाहून उडवायच्या विमानाला पावसाळ्यात सह्याद्रीच्या ढगांमुळे कित्येक आठवडे जमिनीवर राहावे लागते. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या माळावरून उठणारे हवेचे झोत लहान विमानाला हेलकावे देतात आणि विरळ झालेल्या हवेत त्याला उचल कमी मिळते. हिवाळा उत्तम, पण त्याच काळात नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर हजारो पाहुणे पक्षी उतरतात. त्यांचा जीव आणि आपला जीव, दोहोंसाठी त्या बाजूला खाली न उडणे हेच शहाणपणाचे. शिवाय दृश्य नियमांखालील उड्डाण सूर्योदयापूर्वी २० मिनिटे ते सूर्यास्तानंतर २० मिनिटे एवढ्याच अवधीत करता येते.

कागदपत्रांचा व्याप सर्वांत मोठा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडील नोंदणी, उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र व त्याचा वार्षिक आढावा, रेडिओ संचाचा परवाना, वैमानिकाची ठरावीक मुदतीची वैद्यकीय तपासणी, आणि बाहेरगावी जायचे तर उड्डाण आराखडा देऊन हवाई संरक्षणाची मंजुरी. वैमानिकाच्या खासगी परवान्यासाठीच किमान ४० तासांचे उड्डाण लागते आणि त्यात २० तास एकट्याचे असावे लागतात.

कागद किती काळ घेऊ शकतो, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने मुंबईत कांदिवली येथील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते पाहिले. नोंदणीसाठी त्यांचे प्रयत्न २०११ पासून चालू होते. ती मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्यानंतर चाचणी उड्डाणाची परवानगी यायला २०१९ उजाडले आणि धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या त्या २०२० मध्ये. विमान घडविण्यास लागते तशीच चिकाटी कागद पूर्ण होण्यासाठीही लागते. ज्याच्यापाशी ती नाही, त्याने पैसा असूनही या वाटेला जाऊ नये.

कुटुंबाचा हिशेब

या विषयात सर्वांत दुर्लक्षित राहणारी बाब विम्याची. विमानाचा विमा आणि तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा मालक घेतोच. परंतु वैयक्तिक अपघात विम्याच्या बहुतेक पॉलिसींत, तिकीट काढून नियमित विमानाने जाणारा प्रवासी सोडून अन्य कोणत्याही नात्याने केलेले उड्डाण वगळलेले असते. आयुर्विम्याच्या प्रस्तावातही अशा छंदाची माहिती विचारलेली असते आणि ती लपविल्यास वारसांचा दावा अडचणीत येऊ शकतो. घरातील कर्त्या मुलाने उडायला आरंभ करण्यापूर्वी प्रत्येक पॉलिसीतील अपवादांचे पान वाचावे, विमा कंपनीला लेखी कळवावे आणि आवश्यक ते जादा संरक्षण घ्यावे. हे काम मुलावर न सोडता घरातील वडीलधाऱ्यांनी करून घ्यावे.

त्या पेढीतील बंधूंपुढे मी हाच ताळेबंद मांडला. काकांनी तो दोन वेळा वाचला. अखेर त्या घरात तीन गोष्टी ठरल्या. पेढीच्या भांडवलाला हात लावायचा नाही. मुलाने आपल्या वाट्याच्या नफ्यातूनच खर्च करायचा. एक संपूर्ण वर्ष त्याने फ्लाइंग क्लबच्या विमानावर तासाच्या दराने उडायचे आणि लॉगबुक वर्षअखेर दोघांना दाखवायचे. तास पुरेसे भरले, तर समान आवडीच्या दोन-तीन जबाबदार मित्रांसह भागीदारीत विमान घेण्याचा विचार करायचा. मुलाचा चेहरा थोडा उतरला खरा, पण अटी त्याला मान्य झाल्या. विशेष म्हणजे पहिल्या वर्षाच्या तासांचे निम्मे पैसे काकांनी स्वतःच्या खात्यातून दिले.

भागीदारीचा मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. इंग्लंड-अमेरिकेत चार-सहा जणांनी मिळून एक विमान बाळगणे सर्रास चालते. ठरीव खर्च वाटला जातो, विमान उभे राहत नाही आणि एकाच्या डोळ्यांतून सुटलेला दोष दुसऱ्याला दिसतो. मात्र करारपत्र पक्के हवे : कोणता दिवस कोणाचा, दुरुस्तीचा निधी तासाला किती, नुकसान झाल्यास विम्याबाहेरची रक्कम कोणी भरायची आणि एखाद्याला बाहेर पडायचे असल्यास त्याच्या हिश्श्याची किंमत कशी ठरवायची. मैत्री आहे म्हणून लिहून ठेवायचे नाही, ही चूक व्यापारात जशी महाग पडते तशीच येथेही पडेल.

ज्यांच्या घरात असा एखादा आकाशवेडा मुलगा किंवा मुलगी असेल, त्यांनी सरळ नकारही देऊ नये आणि लाडापोटी धनादेशही लिहू नये. आधी प्रशिक्षण, मग परवाना, मग क्लबचे तास, मग भागीदारी, आणि सर्वांत शेवटी स्वतंत्र मालकी हा क्रम पाळावा. प्रत्येक पायरीवर घरच्यांनी लॉगबुक आणि खर्चाची वही शेजारी ठेवून पाहावी. दोन्ही व्यवस्थित लिहिलेल्या असतील, तर पुढची पायरी चढू देण्यास हरकत नाही.